सहावीच्या गोण्या

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे आधी वास येतो, थंडी मागून. सकाळी कासुर्डीहून स्कूटीवर निघाले की भांडगावच्या आसपास पहिला भपकारा नाकात शिरतो. उकळत्या उसाच्या रसाचा, जड, गोड, तोंडाला पाणी आणणारा. लहानपणापासून मी या वासाची वेडी. पण गेली काही वर्षं त्याच्या पोटात दुसराच एक वास असतो, जळक्या रबराचा, वितळलेल्या पिशव्यांचा. आधी गोड लागतं आणि मग घसा धरतो. मी स्कार्फ नाकावर ओढते आणि गाडी जोरात हाणते. हाणून काय होणार, कप्पाळ! मी त्या वासाकडेच निघालेली असते. माझी शाळा तिथेच आहे.

गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नावावरून भांडत बसतात आणि धूर राहतो बाजूला. जिल्हा परिषदेची शाळा, चार खोल्या, एक कडुलिंब, आणि कंपाउंडला लागून ऊस. उसापलीकडे गुऱ्हाळं. पूर्वी दोन होती, आता किती झाली ते मोजायचं मी सोडून दिलं. अकराच्या सुमाराला वारा फिरतो आणि काळी राख वर्गात येते. बारीक, मऊ, चुरगळली की बोटाला चिकटणारी. मुलं ती वहीवरून फुंकून टाकतात आणि पुढचा शब्द लिहितात. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. मला वाटतं, आणि तेच माझं दुखणं आहे.

यंदा दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच दिवशी ग्रुपवर फर्मान आलं. 'प्लास्टिक संकलन मोहीम. इको क्लबमार्फत राबवावी. फोटो अपलोड करावेत.' खाली दोन हिरवी पानं आणि एक हसरी पृथ्वी. मी फोन पालथा घातला. हेडसर म्हणाले, "मॅडम, तुमचाच विषय आहे, सुरू करा." माझाच विषय! हो, माझाच. त्याला नाही कशी म्हणू?

दोन हिवाळ्यांपूर्वी हेच फर्मान आलं तेव्हा मी टुणकन उडी मारली होती. त्या वर्षी शाळेला पर्यावरण शिक्षणाची एक पेटी मिळाली होती. त्यात भित्तिपत्रकं, बिल्ले, एक पुस्तिका आणि सतरंजीएवढी मोठी सापशिडी. सापाच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी, शिडीच्या पायथ्याशी कापडी थैली, शंभराव्या घरात हसरं हिरवं गाव. त्या पेटीसाठी दौंडला आमचं प्रशिक्षण झालं. चहा प्लास्टिकच्या कपात आला आणि आम्ही पन्नास शिक्षकांनी तो हसत हसत प्यायला. तरी सांगते, ती पेटी वाईट नव्हती. मुलं त्या सापशिडीवर इतकी खेळली की घड्यांवर ती फाटली. मी मागून चिकटपट्टी लावली, तर चिकटपट्टीसुद्धा प्लास्टिकचीच आहे म्हणून एका पोरीने मला भर वर्गात पकडलं.

ती सायली. सहावीत होती. अंगाने काडी, वेणी घट्ट, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. मध्येच मात्र थांबावं लागे, कारण तिला दमा होता. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची. दप्तराच्या पुढच्या खणात निळा पंप असे. वर्गात शिट्टी वाढली की शेजारीण तो काढून हातात द्यायची, सायली दोनदा ओढायची आणि अर्धवट सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची. तिची आई संगीता शेवंतीच्या फुलांच्या तोडणीला जायची. पहिल्या दिवशी तिने मला पंप दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, एवढं ध्यानात ठिवा. हे जवळ आसलं की काय न्हाई व्हत तिला." मी म्हटलं, काळजी करू नका. किती पटकन म्हणून टाकतो आपण.

मोहिमेची गटप्रमुख अर्थात सायली. बाईसाहेब सकाळी प्रार्थनेच्या आधी अर्धी वस्ती पालथी घालून यायच्या. पारावरच्या म्हाताऱ्यांना तिने सळो की पळो करून सोडलं. एकदा माझ्यासमोर स्वतःच्या आजोबांना म्हणाली, "आबा, ती पुडी तिकडं टाकू नगा. हिकडं द्या, गोणीत."

आबा म्हणाले, "आगं, एका पुडीनं काय व्हतंय?"

"एकाच्याच न्हाईत ना, आबा. तुमच्या रोजच्या आठ हायती. मी मोजल्यात."

सगळा पार हसला. आबांनी पुडी मुकाट गोणीत टाकली आणि वर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या घरात पोलीस आणून ठिवलाय." मला काय आनंद झाला होता! त्या दिवशी वाटलं, नोकरी सार्थकी लागली.

त्या हंगामाचे दिवस आठवायला बसले की हातात धरवत नाहीत इतके येतात. थंडीत उन्हाच्या पट्ट्यात बसलेली मुलं, मांडीवर गोण्या. ठिबकच्या फाटक्या नळ्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या नकोत म्हणून मी वेगळ्या काढलेल्या, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. वाऱ्यावर त्या फडफडायच्या आणि पोरं म्हणायची, आपल्या शाळेवर गुढ्या उभारल्या. गोणीवर नाव टाकायची कल्पना सायलीची. लाल ऑइलपेंटने, काडीला कापूस गुंडाळून, तिच्या गोल अक्षरात: 'इयत्ता सहावी. आमचं गाव स्वच्छ गाव.' रंगाचा वास तिला चढेल म्हणून मी तिला झाडाखाली बसवायची. बघा, एवढी काळजी घेत होते मी.

मग टेम्पो यायचा. भंगारवाल्याचा होता, कुणाच्या तरी ओळखीने येत असे. मी एकदा विचारलं, "हे जातं कुठं?" तो गोणी खांद्यावर टाकत म्हणाला, "रिसायकलला, मॅडम." झालं. तेवढ्यावर माझं समाधान झालं. पुस्तिकेतही तोच शब्द होता ना. टेम्पो फाटकातून बाहेर पडला की मुलांनी टाळ्या वाजवायच्या, ही प्रथा मी पाडली. फोटोसाठी पाडली होती, पण मुलांना ती आवडली आणि फोटो नसला तरी ती वाजवायला लागली. धुरळा उडवत टेम्पो ओढ्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत टाळ्या चालू असायच्या. वळणावरून तो हायवेला न लागता डावीकडे उसात शिरतो, हे मला दिसत होतं. दर खेपेला दिसत होतं. मनात मात्र एकदाही आलं नाही, की डावीकडे आहे तरी काय.

शाळेला तालुक्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं, 'पर्यावरणस्नेही शाळा'. काचेच्या फ्रेममध्ये घालून हेडसरांनी ते ऑफिसात लावलं.

आमच्याकडे दर वर्षी संक्रांतीच्या मागेपुढे सहावीची क्षेत्रभेट गुऱ्हाळावर जाते. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा, त्यांचं गुऱ्हाळ. त्यांचा नातू माझ्याच वर्गात. आप्पा दर वर्षी प्रत्येक मुलाला उसाच्या चिपाडावर गरम गूळ देतात, जाताना घरच्यांसाठी काकवीची बाटली देतात. त्या वर्षी मुलं सकाळपासून नाचत होती. मी म्हटलं, "दप्तरं शाळेतच ठेवा रे, हात मोकळे असू देत. येताना काकवी कशात धराल?" मुलांनी दप्तरं भिंतीशी ओळीत लावली. सायलीनेही लावलं. हे वाक्य मीच बोलले होते. माझ्याच आवाजात ते मला अजून ऐकू येतं, हसत हसत बोललेलं.

पाटाच्या कडेने रांगेत गेलो. गुऱ्हाळावर मोठी काहिल उकळत होती, वर पिवळा फेस. पोरं 'आईशप्पथ' म्हणत वाकून बघत होती. आप्पा स्वतः समजावत होते, मळी कशी काढायची, गूळ झाला हे पाण्यात थेंब टाकून कसं ओळखायचं. मी वहीत मुद्दे लिहून घ्यायला सांगितलं. मग मुलं मागच्या बाजूला गेली, चुलाण बघायला. तिथे जाळ घालणारा माणूस उत्तर प्रदेशातला होता, तोंडाला गमछा बांधलेला, डोळे लाल. मला म्हणाला, "मैडमजी, बच्चों को पीछे लीजिए, आँच लगेगी." आणि बोलता बोलता त्याने मागे हात घालून एक गोणी ओढली.

"मॅडम, आपली गोणी!"

आप्पांचा नातू ओरडला, तोही आनंदाने. आपल्या वर्गाचं नाव गावात कुठेतरी वाचायला मिळालं, या आनंदाने. "आपली हाय, आपली हाय! सहावीची!" सगळा वर्ग धावला. मागे भिंतीला छपरापर्यंत गोण्या रचलेल्या होत्या. जुन्या चपला, चिंध्या, आणि मध्ये मध्ये आमच्या. आमचं गाव स्वच्छ गाव. आमचं गाव स्वच्छ गाव. दोन-तीन पोरांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. त्या माणसाला वाटलं, मुलांना मजा येतेय. त्याने गोणी चुलाणाच्या तोंडाशी नेली आणि आत ढकलली. लाल अक्षरं आधी फुगली, मग काळी झाली.

सायली जाळाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. बोलून बोलून डोकं उठवणारी पोरगी, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी नजर खाली घातली.

तेवढ्यात वारा फिरला. धूर खाली आला, काळा, तेलकट. सगळ्यांनाच ठसका लागला, पण सायलीचा थांबेना. शिट्टी वाढली, मग शिट्टीही बंद झाली आणि नुसते खांदे वर-खाली व्हायला लागले. ओठ निळे पडले. "पंप, पंप कुठंय तिचा?" मी ओरडले, आणि ओरडतानाच आठवलं. भिंतीशी ओळीत. एक मुलगी शाळेकडे धावत सुटली, पण पाटाची वाट केवढी लांब! आप्पांनी बघितलं, धोतराचा सोगा खोचला, सायलीला लेकरासारखं उचललं आणि जीपमध्ये घातलं. "मॅडम, बसा! बघत काय ऱ्हायलाय!" दौंडपर्यंत त्यांनी जीप कशी आणली त्यांनाच ठाऊक. सायलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी नुसती म्हणत होते, घे बाळा, श्वास घे, घे. तिच्या मुठीत गुळाचा खडा होता. तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात वाफ दिली, सुई दिली. तासाभराने ओठांवर रंग आला. वाचली. वाचली म्हणून मी बाहेर बाकड्यावर येऊन ढसाढसा रडले. शेजारी आप्पा बसले होते. मला वाटलं आता त्यांना फाडून खावं. म्हटलं, "आप्पा, हे असलं जाळता तुम्ही? लेकरांच्या नाकासमोर?"

ते म्हणाले, "चिपाडावर जाळ लागत न्हाई, मॅडम. लाकूड कुठं ऱ्हायलंय? सगळेच हे जाळत्यात. माझा नातू पण त्याच धुरात हाय की." आणि मान खाली घालून, अगदी हळू: "आन् माल तर तुमच्याच शाळंचा. मी कुठनं आणला?"

त्यांनी टोमणा मारला असता तर मी भांडले असते. माणूस खरं बोलला होता.

त्या आठवड्यात मी गुऱ्हाळांच्या धुराबद्दल तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. तीनदा लिहिला. हेडसरांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पाठवा, मी अडवत नाही. पण त्यात लिहिणार काय, मॅडम? की जळतंय ते आपण गोळा करून दिलं? वर फ्रेम लावलीय भिंतीला." मी अर्ज कपाटात ठेवला. उद्या पाठवू, परीक्षा झाल्यावर पाठवू. तो अजून तिथेच आहे. भित्री आहे मी. दुसरं काही नाही.

पुढच्या महिन्यात संगीता शाळेचा दाखला न्यायला आली. तिचा भाऊ शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला राहतो, सायली त्याच्याकडे चालली होती. सायली दाराशी उभी होती. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. मी पेन धरून बसले. संगीताला विचारलं, "काय लिहू?"

ती म्हणाली, "लिवा काय बी. मामाकडं चालली म्हणून लिवा."

मी 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं आणि खाली सही केली. वीस वर्षं मुलांना सांगत आले, खोटं लिहू नये. सायलीने दाखला हातात घेतला, तो रकाना वाचला, घडी घातली आणि माझ्या पाया पडली. आजही आठवलं की पाऊल मागे घ्यावंसं वाटतं.

यंदा मी ठरवलं होतं. मोहीम घेईन, पण एक गोणी टेम्पोत जाऊ देणार नाही. मुलांनी गोळा केलं, मी ते पोषण आहाराच्या खोलीत रचलं. मग प्लास्टिक घेणाऱ्यांना फोन करत सुटले. एकजण म्हणाला, आमच्याकडे पोचवा. कशाने पोचवू, स्कूटीवर? दुसरा म्हणाला, स्वच्छ, वेगळं केलेलंच घेतो. ग्रामपंचायतीतून सांगितलं, गावाबाहेर खड्डा आहे, तिथे टाका, आम्ही पेटवून देतो. फर्मान काढणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, 'फोटो अपलोड झाले का?' गोण्या वाढत गेल्या. मधल्या सुट्टीत एका पोराने विचारलं, "मॅडम, आता हे कुठं द्यायचं?" मी म्हटलं, बघू. गेल्या आठवड्यात चाचणी परीक्षा झाली. पुस्तिकेतलाच प्रश्न होता, गोळा केलेल्या प्लास्टिकचे काय करावे? सगळ्या वर्गाने लिहिलं, पुनर्वापरासाठी द्यावे. मी बरोबरच्या खुणा करत गेले. लाल पेनने, एकामागून एक.

मग गोण्यांमागे उंदीर झाले. उंदरांनी तांदळाची पोती फोडली. मुलांच्या भातात लेंड्या निघाल्या तेव्हा हेडसर चिडले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. म्हणाले, "मॅडम, आता खोली रिकामी करायची." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परवा दुपारी वर्गात एकटीच वह्या तपासत बसले होते. नवीन नंबरावरून फोन आला.

"मॅडम, वळखलं का? सायली."

आवाज बदलला होता, थोडा मोठा झालेला. आठवीत असेल आता. मी म्हटलं, "अगं, तू! बरी आहेस ना? पंप कुठंय?"

"दप्तरात. आन् एक खिशात." ती हसली. हसण्याच्या शेवटाला शिट्टी होतीच, अगदी बारीक. "हितं लय कमी झालंय, मॅडम. मामाचा फोन घेतलाय, पटकन बोलती. हितं पण मोहीम लागलीया. समाधीपाशी लय बाटल्या पडत्यात, दर्शनाला येणाऱ्यांच्या. सरांनी मला गटप्रमुख केलंय." ती थांबली, श्वास घेतला. "मी सरांना इचारलं, गोळा केलेलं कुठं जातंय. त्यांना ठाऊक न्हाई. मी म्हणलं, आमच्या मॅडमला ठाऊक आसंल. गोळा करू का नको?"

गळ्याशी 'नको' आलं. पर्यावरणाची बाई मी, पोरीला सांगणार होते, बाटली उचलू नकोस, पडू दे. आणि पडू दिली तर ती उद्या ओढ्यात जाणार, गाईच्या पोटात जाणार, हेही मीच तिला शिकवलेलं. पोरगी पलीकडे वाट बघत होती. तिचा माझ्यावर अजून भरवसा होता, त्याचंच मला भय वाटलं.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. खोली रिकामी झाली होती. फाटक करकरलं आणि माझ्या या वर्षीच्या सहावीने, कुणी न सांगता, टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"मॅडम," सायली म्हणाली, "टाळ्या कशाच्या?"

मी उठून खिडकी लावू शकले असते. काहीतरी सांगू शकले असते, खेळ चाललाय, वाढदिवस आहे. पण एकदा तिच्या दाखल्यावर खोटं लिहिलं होतं. पुन्हा हिंमत झाली नाही.

"गोण्या चालल्यात, सायली."

पलीकडून फक्त शिट्टी, येणारी, जाणारी. बाहेर टाळ्या चालूच होत्या. मला वाटलं, आता ही फोन ठेवणार, आणि ठेवावाच तिने.

"मॅडम, आता संक्रांतीला पोरं गुऱ्हाळावर न्याल ना तुम्ही?"

"हो."

"मग दप्तरं शाळंत ठिवाया लावू नगा."